मौनानें झालेला भागीदार

पेढीच्या पाटीवर ‘आणि कंपनी’ हीं अक्षरें दिसलीं म्हणजे तेथें कंपनी आहे असें पुष्कळांस वाटतें. वस्तुतः ती बहुधा भागीदारीच असते. हा भेद केवळ नांवाचा नव्हे. ज्यांच्या घरीं दुकान किंवा कारखाना आहे अशा आमच्या विद्यार्थ्यांनीं तर तो वकिलांवर सोंपवून स्वस्थ बसूं नये.

भागीदारींत पेढीचें कर्ज तें प्रत्येक भागीदाराचें कर्ज. त्यापायीं राहतें घरही जाऊं शकतें. मर्यादित कंपनी मात्र कायद्यानें उत्पन्न केलेली निराळी व्यक्ति होय. लंडनच्या ॲरन सॅलोमन या बूट करणाऱ्या कारखानदारानें १८९२ सालीं आपला धंदा कंपनीस विकला. २०,००७ शेअरांपैकीं २०,००१ त्याचे; उरलेले सहा बायकोमुलांचे! कंपनी लवकरच बुडाली. खालच्या न्यायालयांनीं सॅलोमनला जबाबदार धरलें. परंतु १८९६ सालीं हाउस ऑफ लॉर्ड्सनें ठरविलें कीं कंपनी निराळी आणि सॅलोमन निराळा. विनातारण उधार देणारे हात चोळीत बसले. तरीही आम्हांस हा निकाल योग्य वाटतो. ‘लिमिटेड’ हा शब्द सावध करण्यासाठींच असतो.

सॅलोमनला निदान आपण काय करीत आहों हें ठाऊक होतें. जो न बोलतां भागीदार होतो, त्याचें काय?

१९३२ च्या भारतीय भागीदारी कायद्याच्या तिसाव्या कलमान्वयें अज्ञान मुलास, सर्व भागीदारांच्या संमतीनें, पेढीच्या लाभांत घेतां येतें. तोंवर त्याची जबाबदारी पेढींतील त्याच्या हिश्श्यापुरतीच. पण तो सज्ञान झाल्यावर, किंवा ही गोष्ट त्यास नंतर कळल्यास कळल्यापासून, सहा महिन्यांत ‘मी भागीदार होत नाहीं’ अशी जाहीर नोटीस त्यानें दिली नाहीं, तर तो आपोआप भागीदार ठरतो; आणि लाभांत घेतल्या दिवसापासूनच्या पेढीच्या सर्व देण्यांस जातीनें बांधला जातो. आपणांस कळलें नव्हतें, हें सिद्ध करण्याचा भारही असें म्हणणाऱ्यावरच!

आम्हांस ही तरतूद अन्यायाची वाटते. सावकारास निश्चितता हवी हें खरें. पण ती अठरा वर्षांच्या मुलाच्या मौनावर कां उभारावी? आपल्या घरांत ‘येथें सही कर’ म्हटलें कीं मुलगा सही करितो, कागद वाचीत नाहीं; मग गॅझेटांत नोटीस देण्याचें त्यास कोठून सुचावें? पेढीनेंच त्याची लेखी संमति घ्यावी, व ती नसल्यास तो भागीदार नाहीं असें धरावें, अशी दुरुस्ती व्हावयास हवी. ती होईपर्यंत, यंदा अठरा वर्षें पुरीं होणाऱ्यांनीं घरच्या भागीदारीपत्रांत आपलें नांव आहे कीं काय तें वडिलांस नम्रपणें विचारावें, आणि असल्यास सहा महिन्यांची तारीख मोजून ठेवावी.