शेवटचं युनिट सर्वांत महाग

कोथिंबिरीच्या जुडीमागे पाच रुपये वाचवून कोणी घर बांधलं आहे का? खर्चात डोकं घालण्यापेक्षा कमाई वाढवा. हा सल्ला हल्ली गुंतवणूक सल्लागारांपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे मिळतो. हेतू वाईट नसेल, पण तो ज्यांना दिला जातो त्यांचा विचार त्यात नाही. कंत्राटी कामगाराची मजुरी, अंगणवाडी सेविकेचं मानधन, दुकानातल्या कारकुनाचा पगार दुसरंच कोणीतरी ठरवतं. त्यांच्या हातात असतो तो खर्च.

आणि बारीक बचत वाटते तितकी बारीक नसते. महाराष्ट्रात घरगुती विजेचा दर टप्प्याटप्प्याने चढतो: पहिली १०० युनिटं स्वस्त, १०१ ते ३०० महाग, त्यापुढची आणखी महाग. त्यामुळे वीज वाचवली की सुटतं ते बिलातलं सगळ्यात वरचं, सगळ्यात महागडं युनिट. जुना छताचा पंखा साधारण ७५ वॅट खातो, कमी वीज खाणारा बीएलडीसी पंखा ३०च्या आसपास. रोज १२ तास चालणाऱ्या एका पंख्यामागे महिन्याला १६ युनिटं वाचतात, दोन पंख्यांमागे ३२. महिन्याला १३० युनिटं जाळणारं घर तेवढ्यानेच शंभराच्या आत येतं. नवा पंखा महाग आहे, हे खरं. काटकसरीला कधीकधी आधी पैसे घालावे लागतात आणि त्यासाठीही हिशेब यावा लागतो.

स्वयंपाकघरातल्या जुन्या रीतींमागे तर सरळ भौतिकशास्त्र आहे. शिट्टी वाजली म्हणजे कुकरमध्ये पुरेसा दाब तयार झाला. आतलं तापमान १२० अंशांच्या जवळ पोहोचलं. त्यानंतर आच मोठी ठेवली तर डाळ लवकर शिजत नाही, वाफ तेवढी बाहेर जाते. भिजवलेली डाळ, मंद केलेली आच, दोडक्याच्या शिरांची चटणी, उरलेल्या पोळीचा कुस्करा यांना चिकटपणा म्हणणाऱ्यांनी अन्न पिकवायला किती पाणी आणि घाम लागतो, हेही मोजावं.

असे वाचलेले महिन्याला १,००० रुपये पोस्टाच्या आवर्ती ठेवीत ६.७ टक्के दराने पाच वर्षं टाकले, तर भरलेल्या ६० हजारांचे ७१ हजारांवर होतात. मुलीच्या शिक्षणाची फी भरायची वेळ आली की या ७१ हजारांची किंमत कळते.

उलट बाजूला ‘बिनव्याजी’ हप्त्यांची जाहिरात आहे. शून्य टक्के व्याज असं काही नसतंच, ते प्रक्रिया शुल्कात लपवलेलं असतं, असं रिझर्व्ह बँकेने सप्टेंबर २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. तरी फोन आणि टीव्ही याच भुलाव्यावर विकले जातात.

अभ्यासू आक्षेप अर्थतज्ज्ञ केन्सच्या नावाने येतो: सगळेच बचत करू लागले तर बाजार बसेल. केन्सने ही मांडणी १९३६ मध्ये, महामंदीत मागणी आटलेली असताना केली. भारतात २०२२-२३ मध्ये कुटुंबांची निव्वळ आर्थिक बचत राष्ट्रीय उत्पन्नाच्या पाच टक्क्यांच्या आसपास घसरली. दोनच वर्षांपूर्वी ती अकरा टक्क्यांच्या वर होती. बचत अशी घटलेली आणि कर्ज वाढलेलं असताना घरांना आणखी खर्च करायला सांगणं बेजबाबदारपणाचं आहे.

गरिबांनी काय वाचवायचं, असं विचारणाऱ्यांनी सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यात जावं. रस्त्याकडेला लोहारकाम करणाऱ्या एका बाईला पावसाळ्यापूर्वी झोपडीवर टाकायच्या प्लास्टिकसाठी पैसे साठवायचे होते; बँकांनी खातं उघडून दिलं नाही. त्यातून सामाजिक कार्यकर्त्या चेतना सिन्हा यांनी महिलांची बँक काढायचं ठरवलं. प्रवर्तक बायका अंगठा लावणाऱ्या, म्हणून पहिला अर्ज फेटाळला गेला. बायका अक्षरं शिकल्या, पुन्हा रिझर्व्ह बँकेत गेल्या आणि म्हणाल्या, कुठल्याही रकमेचं व्याज विचारा, आम्ही तोंडी सांगतो. १९९७ मध्ये म्हसवडला माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली.

एक आक्षेप मात्र मान्यच केला पाहिजे. बहुतेक घरांत काटकसर बाईच्या वाट्याला येते. तिने शिळं खायचं, दातदुखी पुढे ढकलायची आणि मोटारसायकलचा हप्ता तिला न विचारता सुरू व्हायचा. महाराष्ट्रात १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे, असं २०१९-२१च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत दिसलं. तिच्या ताटातून काढलेली बचत ही बचत म्हणून मोजताच कामा नये. खर्चाची वही घरातल्या सगळ्यांपुढे उघडावी, दूध, अंडी, डाळ, औषधं या ओळींना हात लावण्याआधी हप्ते, पेट्रोल, पानटपरी आणि बाहेरचं खाणं तपासावं आणि कात्री कुठे लावायची हे ठरवताना तिचं मत आधी विचारावं.