धर्म गरिबाच्या हाताला काय देतो?



धर्म बदलला म्हणजे घरातील देव्हारा जातो, लग्नाचा विधी बदलतो, मुलांची नावे बदलतात. परंतु चूल तीच राहते, आणि उद्या सकाळी कोणाच्या बांधावर कामाला जावयाचे हा प्रश्नही तसाच उभा राहतो. नव्याने धम्मदीक्षा घेतलेल्या आपल्या कुटुंबांना हे कोणी शिकविण्याची गरज नाही. गावकीची कामे सोडली तेव्हा बलुते बंद झाले आणि पिठाच्या गिरणीची वाटही अडविली गेली, हे आपल्या वडीलधाऱ्यांनी सोसले आहे. म्हणूनच कोणत्याही धर्माला, आपल्या धर्मालासुद्धा, एक प्रश्न विचारण्याचा आपला अधिकार आहे. धर्म गरिबाच्या हाताला काय देतो? भीक, शिक्षा, की हक्काची मजुरी?

ह्या प्रश्नाचे उत्तर शोधताना आपण आज ख्रिस्ती धर्माचा इतिहास पाहू. हेतू निंदेचा नाही. आपल्या आधी ह्याच पुणे व नगर जिल्ह्यांत कित्येक अस्पृश्य कुटुंबांनी तो धर्म पत्करला. त्यांच्या अनुभवातून जे शिकता येईल ते न शिकणे हा शहाणपणा नव्हे.

येशूच्या शिकवणीत श्रीमंताला स्वर्गाची वाट बिकट आहे आणि गरीब हा धन्य आहे. जेरुसलेम येथील पहिल्या अनुयायांनी आपली मालमत्ता एकत्र करून ज्याला जसे लागेल तसे वाटून घेतले, असे त्यांच्या ग्रंथात लिहिले आहे. चौथ्या शतकात सीझरियाचा धर्मगुरू बेसिल ह्याने धनिकांना बजावले, की जे अन्न तुम्ही कोठारात कोंडून ठेवता ते भुकेल्याचे आहे. सहाव्या शतकात बेनेडिक्टने मठवासीयांना प्रार्थनेबरोबर अंगमेहनत नेमून दिली. ज्या समाजात श्रम हे गुलामाचे लक्षण मानले जाई, तेथे साधूने कुदळ हाती घेणे ही लहान गोष्ट नव्हती. जातीने ज्यांच्या श्रमाला विटाळ म्हटले त्या आपल्याला तर तिचे मोल अधिकच कळेल.

परंतु राजाश्रय मिळताच चर्च स्वतः मोठे जमीनदार झाले. एकीकडे ११७९ सालच्या धर्मपरिषदेने उघड व्याजबट्टा करणाऱ्यास ख्रिस्ती दफनविधी नाकारला, आणि दुसरीकडे मठांच्या जमिनीवर कुळे राबत राहिली. १५१७ साली मार्टिन ल्यूथरने पोपच्या सत्तेविरुद्ध बंड केले. ते ऐकून जर्मनीतील शेतकऱ्यांना वाटले, की आत्मा मुक्त असेल तर देह वेठीला का असावा? १५२५ साली त्यांनी बायबलच्याच आधाराने वेठबिगारीतून सुटका मागितली, तेव्हा ल्यूथर सरदारांच्या बाजूस उभा राहिला आणि हजारो शेतकरी कापले गेले. पुढे अमेरिकेतील मळेवाल्यांच्या चर्चमधून गुलामांना आज्ञाधारकपणाचे पाठ दिले गेले, तर क्वेकर पंथाने आणि जॉन वेस्लीसारख्या धर्मोपदेशकाने त्याच येशूच्या नावाने गुलामगिरीला विरोध केला. १८९१ साली पोप लिओ तेरावे ह्यांनी कामगाराला कुटुंब पोसण्याइतकी मजुरी आणि संघटनेचा हक्क असावा असे जाहीर पत्रक काढले. एकच ग्रंथ, परंतु त्यातून मालकाने एक अर्थ काढला आणि मजुराने दुसरा. ग्रंथ कोणाच्या हाती आहे, ह्यावर पुष्कळ अवलंबून असते.

आता आपल्या मुलखाकडे वळू. बारामतीच्या शेजारी दौंड तालुक्यात केडगाव आहे. पंडिता रमाबाई १८८३ साली इंग्लंडमध्ये ख्रिस्ती झाल्या. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून निराधार मुली आणि विधवा आणून केडगावी ठेवल्या, आणि १९०० च्या दुष्काळात गुजरातेतूनही आणल्या. त्यांना नुसते दोन घास घालून रमाबाई थांबल्या नाहीत. शेती, विणकाम, तेलघाणा, छापखाना अशी कामे त्यांच्या हाती दिली. रमाबाईंनी स्वतः केलेल्या मराठी बायबलाचे खिळे केडगावच्या मुलींनी जुळविले. ज्या विधवेला समाजाने अपशकुनी म्हणून कोपऱ्यात बसविले तिला छापखान्यात उभे करणे, हा धर्माचा उत्तम उपयोग होय. रमाबाईंची श्रद्धा आपल्याला मान्य नसली तरी हे काम आपण मान्य केलेच पाहिजे.

परंतु काम दिले म्हणजे मुक्ती दिली असे नव्हे. त्याचा दाखला खुद्द बारामतीत आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने इंग्रज सरकारने जन्मावरूनच माणसांना गुन्हेगार ठरविले. १९११ च्या कायद्यानंतर मुंबई इलाख्यात त्यांच्या वसाहती वसविल्या गेल्या. बारामतीलाही अशी वसाहत होती आणि तिचा कारभार ऑस्ट्रेलियातून आलेल्या चर्चेस ऑफ क्राइस्ट ह्या मिशनकडे होता. ह्या मिशनने बारामती भागात शिक्षणाचे व सेवेचे कामही केले, हे नाकारण्याचे कारण नाही. तथापि वसाहत म्हणजे हजेरी, परवान्यावाचून बाहेर जाण्यास बंदी आणि ठरवून दिलेले काम. श्रमाने माणूस सुधारतो हा मिशनऱ्यांचा विश्वास प्रामाणिक असेल. परंतु ज्याला काम नाकारण्याचे स्वातंत्र्य नाही त्याचे काम ही शिक्षाच असते. हा कायदा १९५२ साली रद्द झाला. आमच्या महारकीतही तेच होते. काम होते, पण ते नाकारण्याची सोय नव्हती. महारवतन नष्ट करणारा कायदा मुंबई राज्याने केला तो १९५८ साली.

तिसरा दाखला त्याहून जवळचा आहे. नीरा डाव्या कालव्याने बारामती-इंदापूरचे दोन भाग पाडले. कालव्याच्या पाण्याखाली ऊस आला, साखर कारखाने आले. कालव्यापासून दूरचा जिरायत भाग मात्र पावसाकडे डोळे लावून बसला. १९६० च्या दशकाच्या अखेरीस ह्या जिरायत भागात कासा ह्या ख्रिस्ती सेवासंस्थेच्या मदतीने पाझर तलावांची कामे निघाली. मजुराला कामाच्या मोबदल्यात धान्य आणि तेल मिळे. ही भीक नव्हती. घाम गाळून मिळविलेले अन्न होते, आणि मागे तलाव उभा राहत होता. ख्रिस्ती दानबुद्धीने येथे शहाणपणाचे पाऊल टाकले, ह्यात शंका नाही.

तरीही वाचकहो, आपण एक पाऊल पुढे जाऊन विचारले पाहिजे. पाझर तलावाचे पाणी जमिनीत मुरते आणि खालच्या बाजूच्या विहिरींना उतरते. विहीर ज्याची, पाणी त्याचे. ज्याने तलावाची माती वाहिली त्याला विहीर नसेल आणि जमीनही नसेल, तर त्याच्या वाट्याला तेवढ्या दिवसांचे धान्य आले, आणि पाणी मात्र वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या शेतात गेले. हा दोष केवळ कासाचा नव्हे. जेथे मालकी विषम असते तेथे धर्मादाय कितीही चांगला असला तरी तो उताराकडेच वाहतो.

ह्यावर तोड निघत नाही असे नाही. शेजारच्या पुरंदर तालुक्यात नायगावी विलासराव साळुंखे ह्यांनी १९७० च्या दशकात पाणी पंचायत उभी केली. तिचा नियम असा, की पाणी जमिनीच्या आकारावर न देता घरातील माणसांच्या संख्येवर द्यावयाचे, आणि भूमिहीनालाही पाण्याचा हक्क. १९७२ च्या दुष्काळानंतर वि. स. पागे ह्यांच्या कल्पनेतील रोजगार हमीचा महाराष्ट्राने १९७७ साली कायदा केला. जे मिशनच्या दयेवर अवलंबून होते ते कायद्याच्या कलमात आले. दया करणारा उठून गेला की दया संपते, कलम मागे राहते. म्हणून दात्याचे आभार मानावेत, परंतु विसंबावे ते कायद्यावर.

कायद्याचीही दुसरी बाजू ख्रिस्ती बांधवांनी अनुभवली. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने धर्मांतरित अस्पृश्यांस अनुसूचित जातींच्या यादीबाहेर ठेवले. चर्चमध्ये गेल्याने गावाने त्यांचा विटाळ सोडला नाही, शासनाने मात्र त्यांच्या सवलती सोडविल्या. बौद्धांना त्या यादीत यावयास १९९० साल उजाडावे लागले. त्यांचे दुःख आपण ओळखले नाही तर कोण ओळखणार?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या अखेरच्या ग्रंथात दाखवून दिले आहे, की बुद्धाने दारिद्र्याला धन्यता म्हटले नाही. कूटदंत सुत्तातील राजाला दिलेला सल्लाही तसाच आहे. शेतकऱ्याला बियाणे द्यावे, व्यापाऱ्याला भांडवल द्यावे, सेवकाला योग्य वेतन द्यावे, म्हणजे राज्यातील चोऱ्या थांबतील. परंतु सुत्त पाठ असल्याने बियाणे घरात येत नाही. ख्रिस्ती इतिहास आपल्याला बजावतो, की उत्तम वचने असलेला धर्मही जमीनदार होऊ शकतो. तेव्हा आपल्या विहाराच्या वर्गणीचा हिशेब मागा. इमारतीच्या रंगाला किती गेले आणि मुलीच्या फीला किती गेले, हे विचारा. ग्रामसभेत तलावाचा ठराव आला की त्याच्या पाण्यात भूमिहीनाचा वाटा किती, हे उभे राहून विचारा. असे विचारणारा माणूस धर्मद्रोही ठरत नाही. धर्माला गरिबाच्या बाजूस ठेवतो तो तोच.