नीट हुकली म्हणून नव्हे

बारावीनंतर ‘नीट’ हुकली की ‘चला, बीएस्सी करू’ म्हणायचे, ही शिरूर-दौंडमधली रीत मोडायला हवी. जीवशास्त्र म्हणजे डॉक्टरकीचा उरलासुरला वाटा नव्हे. इथल्या बांधावर त्याची रोज गरज पडते. जुन्नर वनविभागात येणाऱ्या शिरूर तालुक्यात ऊसतोड सुरू झाली की सरीत बिबट्याची पिल्ले सापडतात. ती संध्याकाळी त्याच फडात क्रेटमध्ये ठेवली, तर बहुतेकदा मादी येऊन उचलून नेते. हे शहाणपण प्राण्यांच्या वर्तनाच्या अभ्यासातून येते. दौंडच्या माळावर लांडगा आहे, उजनीच्या फुगवट्यावर रोहित उतरतात. त्यांच्या नोंदी इथल्याच मुलांनी का ठेवू नयेत?

नोकरीचे काय, हा पालकांचा प्रश्न रास्त आहे. नुसती पदवी पुरत नाही, हेही खरे. पण भारतीय वनसेवेची परीक्षा प्राणिशास्त्र वा वनस्पतिशास्त्राच्या पदवीवर देता येते. साखर कारखान्याच्या आसवनीत यीस्ट सांभाळायलाही सूक्ष्मजीवांची जाण लागते. विषय अडतो तो पाठ केलेल्या आकृत्यांपाशी. म्हणून महाविद्यालयांनी आठवड्याचा एक तास तरी फळ्यासमोरून उठवून माळावर न्यावा.