उडी शिकवण्याआधी

परदेशातल्या श्वानस्पर्धा आता घरबसल्या पाहायला मिळतात. कुत्रा कापडी बोगद्यातून सुसाट बाहेर पडतो, बारा खांबांमधून नागमोडी पळतो, उंच फळीवरून धावत उतरतो. मालक बाजूने पळत नुसते इशारे करतो. गळ्यात साखळी नाही, हातात बिस्किट नाही. हे पाहून पनागरच्या एखाद्या अंगणात दुसऱ्याच दिवशी बाजेवरून उड्या सुरू व्हायला वेळ लागत नाही. लॅब्रेडॉरचे पिल्लू असते जेमतेम सहा महिन्यांचे. तेही बिचारे उडी मारते, कारण घरच्यांनी टाळ्या वाजवलेल्या असतात.

या खेळाला अ‍ॅजिलिटी म्हणतात. लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ या प्रदर्शनात १९७८ साली दोन कार्यक्रमांमधला मोकळा वेळ भरून काढायचा होता. जॉन व्हार्ली आणि पीटर मीनवेल यांनी घोड्यांच्या अडथळा शर्यतीवरून ही करमणूक बेतली. प्रेक्षकांना ती इतकी आवडली, की १९८० मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबने तिला मान्यता दिली. मात्र याच क्लबच्या नियमानुसार अठरा महिन्यांच्या आतल्या कुत्र्याला स्पर्धेत उतरता येत नाही, ही गोष्ट पडद्यावर दिसत नाही.

नियमामागचे कारण हाडांत आहे. वाढत्या पिल्लाच्या लांब हाडांच्या टोकांशी मऊ कूर्चेचा थर असतो आणि हाड तिथूनच वाढते. मोठ्या जातींत हा थर पक्का व्हायला बारा ते अठरा महिने लागतात. त्याआधी उंच उड्यांचे हादरे बसले, तर पाय वाकडा वाढू शकतो किंवा सांधा कायमचा दुखरा होतो. लॅब्रेडॉर आणि जर्मन शेफर्डमध्ये खुब्याचा आनुवंशिक दोषही बराच आढळतो. म्हणून उड्या सुरू करण्यापूर्वी पशुवैद्याकडून तपासणी करून घ्यावी. पनागरकरांना त्यासाठी लांब जायला नको. जबलपूरचे पशुवैद्यक महाविद्यालय १९४८ पासूनचे आहे, आता ते नानाजी देशमुख पशुवैद्यक विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे. कुत्रा लठ्ठ असेल, तर आधी त्याच्या ताटलीकडे पाहावे!

मग तोवर करायचे काय? पुष्कळ काही. पहिला धडा हाकेसरशी परत येण्याचा. जबलपूर-कटनी रस्ता पनागरजवळूनच जातो आणि त्यावर ट्रक धावतात. साखळी सोडलेला कुत्रा हाकेला आला नाही, तर बाकीची सगळी हुशारी व्यर्थ. हा धडा फाटक लावलेल्या आवारातच द्यावा.

दुसरी अडचण भाषेची. इकडच्या मराठी घरांत आजी ‘बस’ म्हणते, नातू ‘बैठ’ म्हणतो आणि वडील ‘सिट’ म्हणून दरडावतात. कुत्र्याला यातले काय कळावे? घरातल्या सगळ्यांनी मिळून एकच शब्द ठरवावा. हुकूम पाळताच, म्हणजे त्याच क्षणी, शाबासकी आणि वाटाण्याएवढा पनीरचा किंवा उकडलेल्या कोंबडीचा तुकडा द्यावा. हिवाळ्यात इथे मुबलक मिळणारे मटारचे सोललेले दाणेही चालतात. चॉकलेट, कांदा, द्राक्षे आणि बेदाणे मात्र कुत्र्याला विषारी ठरतात.

सामान घरचेच पुरते. दोन खुर्च्यांवर चादर टाकली, की बोगदा तयार. एक फळी जमिनीवर सपाट ठेवून तिच्यावरून चालवावे. ती हळूहळू दोन विटांवर चढवावी. बांबूचे दोन खांब दोन फुटांवर रोवावेत, पहिला खांब नेहमी कुत्र्याच्या डाव्या खांद्याशी यावा. दोन खांब जमले, की आणखी दोन. उडीचा दांडा वाढ पूर्ण होईपर्यंत जवळजवळ जमिनीलगतच ठेवावा. गच्चीच्या फरशीवर पाय घसरतात, म्हणून सपाट मातीची किंवा गवताची जागा निवडावी. एका वेळी पाच-सात मिनिटे पुरेत. कुत्रा कंटाळण्याआधीच थांबावे.

घाबरलेल्या कुत्र्याला बोगद्यात ढकलू नये. एकदा धसका घेतला, की महिनोन्‌महिने तो जवळही फिरकत नाही.

जात कोणती हवी, हा प्रश्न हमखास येतो. परदेशात बॉर्डर कॉली पुढे असतो, पण सडपातळ गावठी कुत्राही या खेळाला उत्तम. देशी रक्ताला कमी लेखू नये. ग्वाल्हेरजवळच्या टेकनपूरला सीमा सुरक्षा दलाच्या केंद्रात शिकलेल्या रिया या मुधोळ कुत्रीने २०२४ साली लखनौच्या अखिल भारतीय पोलिस स्पर्धेत माग काढण्यात परदेशी जातींना मागे टाकले होते.

उन्हाळ्यात सराव पहाटेच घ्यावा. कुत्रा मुख्यतः धापा टाकूनच अंग थंड करतो. जमिनीवर तळहात ठेवून पाहावा. पाच सेकंदही ठेववत नसेल, तर त्या दिवशी सराव बंद. पाणी सावलीत ठेवावे आणि रेबीजची लस दरवर्षी वेळेवर टोचून घ्यावी.