विमानांचा नकाशा आणि नंदुरबारचा प्रवासी

विमान कंपन्यांच्या जगात ‘वारंवार प्रवास करणारा’ या इसमाला मोठा मान असतो. त्याच्यासाठी वेगळी रांग असते, वेगळे विश्रामकक्ष असते, आणि त्याने तोडलेल्या प्रत्येक मैलाची नोंद दप्तरी ठेवून तिचे मोल पुढील तिकिटात चुकते केले जाते. जगात कोठेही खुट्ट झाले की पहिली झळ आपल्यालाच लागते, अशी या प्रवाशाची तक्रार असते आणि ती अगदीच निराधार नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये पाकिस्तानने आपले आकाश बंद केले, ते जुलैपर्यंत. दिल्लीहून पश्चिमेकडे निघालेल्या विमानांना तोवर वळसे घालावे लागले. एप्रिल २०२५ मध्ये त्याच प्रसंगाची पुनरावृत्ती झाली. २०२२ मध्ये युक्रेनमध्ये युद्ध पेटले आणि मार्च महिन्यातच विमानाच्या इंधनाचा भाव किलोलिटरला एक लाख रुपयांच्या पार गेला. डिसेंबर २०२५ च्या प्रारंभी तर युद्धही नव्हते आणि वादळही नव्हते. वैमानिकांच्या विश्रांतीचे नवे नियम लागू होत असताना इंडिगोचे नियोजन कोलमडले, हजारो उड्डाणे रद्द झाली आणि अखेर सरकारला भाड्यांवर कमाल मर्यादा घालावी लागली.

याचे कारण या धंद्याच्या रचनेतच आहे. विमानाने धावपट्टी सोडली की रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते. बाजारात उरलेल्या मालाप्रमाणे ते दुसऱ्या दिवशी पडत्या भावानेही विकता येत नाही. विमानांचे भाडेपट्टे आणि सुटे भाग यांचा हिशेब डॉलरमध्ये करायचा आणि तिकिटाचे पैसे मात्र बव्हंशी रुपयांत घ्यायचे, अशी येथील कंपन्यांची अवस्था आहे. त्यात इंधन खनिज तेलाचे, आणि देशाला लागणाऱ्या खनिज तेलापैकी पंचाऐंशी टक्क्यांहून अधिक तेल परदेशातून येते. किंगफिशर २०१२ मध्ये, जेट एअरवेज २०१९ मध्ये आणि गो फर्स्ट २०२३ मध्ये जमिनीवर आली. १९५३ मध्ये सरकारने ताब्यात घेतलेली एअर इंडिया जानेवारी २०२२ मध्ये पुन्हा टाटांच्या हाती गेली. अशा नाजूक धंद्याला धक्का बसला म्हणजे चालक काय करणार? भरलेला मार्ग राखणार आणि विरळ मार्ग सोडणार. यात त्याचा दुष्टपणा नाही, हिशेब आहे. परंतु या हिशेबाचा अर्थ असा की, जगातील प्रत्येक उलथापालथीत पहिली कात्री लहान गावाच्या मार्गाला लागते.

खानदेशाने याचा अनुभव घेतला आहे. लहान शहरांना विमानाने जोडणारी केंद्राची ‘उडान’ योजना २०१६ मध्ये जाहीर झाली. मोठ्या मार्गांवरील उड्डाणांकडून आकार घ्यावयाचा आणि त्यातून लहान मार्गांचा तोटा तीन वर्षे भरून काढावयाचा, असे तिचे सूत्र. त्यानुसार डिसेंबर २०१७ मध्ये जळगावहून मुंबईसाठी विमान उडाले आणि काही महिन्यांतच ते थांबले. २०१९ मध्ये दुसरी कंपनी आली. तिचाही कारभार पुढे आटोपला. २०२४ मध्ये तिसऱ्या कंपनीने गोवा आणि हैदराबादची वाट धरली. ही गोष्ट एकट्या जळगावची नाही. नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे योजनेच्या पहिल्या तीन फेऱ्यांत दिलेल्या ७७४ मार्गांपैकी ४०३ मार्ग सुरूच होऊ शकले नाहीत. जे ३७१ सुरू झाले, त्यांतील केवळ ११२ मार्गांनी तीन वर्षांची मुदत पुरी केली, आणि मार्च २०२३ पर्यंत त्यांपैकी अवघे ५४ टिकून होते. अनुदानाने विमान उडविता येते. प्रवासी निर्माण करता येत नाहीत, हा त्याचा बोध.

नंदुरबार जिल्ह्यात विमानतळ नाही. शेजारी धुळ्याजवळ गोंदूरला धावपट्टी आहे आणि दीडशे किलोमीटरच्या आसपास सुरत येथे चालता विमानतळ आहे. १९९८ मध्ये धुळ्यापासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्याने उद्या आपल्यालाही विमान हवे असे म्हटले, तर त्यात आश्चर्य वाटावयास नको. विमान आले म्हणजे प्रगती आली, हे समीकरण सर्वत्र रूढ झालेलेच आहे. म्हणून त्या मागणीपूर्वी एक प्रश्न विचारणे अगत्याचे ठरते. या जिल्ह्यातील वारंवार प्रवास करणारा कोण?

नोंद नसलेला प्रवास

तो अक्कलकुवा, धडगाव, तळोदा, नवापूर या भागांतील पाड्यांवर राहतो. दिवाळी आटोपली की मुकादमाकडून उचल घेऊन तो बायकापोरांसह ट्रकमध्ये किंवा टेम्पोत बसतो आणि दक्षिण गुजरातेतील उसाच्या फडांवर जातो. तेथे नवराबायकोच्या जोडीला मिळून ‘कोयता’ म्हणतात. माणसांची गणतीच हत्याराच्या नावाने होते. होळीला घर गाठण्याची ओढ असते, पण फड संपल्याखेरीज सुटका नसते. पुढील वर्षी पुन्हा तोच मार्ग. वर्षानुवर्षे नेमाने होणारा एवढा दुसरा प्रवास या जिल्ह्यात नाही. तरीही त्याचे मैल कोणी मोजत नाही आणि त्याला तिकीटही कोणी देत नाही.

जगातील घडामोडींची झळ या प्रवाशाला लागत नाही काय? मार्च २०२० मध्ये महामारीमुळे देशातील विमाने आणि रेल्वेगाड्या एकाच वेळी थांबल्या. परदेशी अडकलेल्या भारतीयांना आणण्यासाठी ७ मे रोजी ‘वंदे भारत’ मोहिमेची विमाने निघाली. ते योग्यच होते. त्याच्या दुसऱ्याच दिवशी, ८ मेच्या पहाटे, औरंगाबाद जिल्ह्यात करमाडजवळ रुळांवर झोपलेल्या १६ मजुरांना मालगाडीने चिरडले. जालन्याहून ते पायी निघाले होते. भुसावळला मध्य प्रदेशाकडे जाणारी गाडी मिळेल, एवढी त्यांची आशा होती. श्रमिक गाड्या १ मेपासून सुटू लागल्या होत्या. परंतु कोणता मजूर कोठे आहे आणि त्याला कोठे जावयाचे आहे, याची नोंदच नसेल तर गाडी कोणासाठी सोडावयाची? विमानाच्या प्रवाशाचे नाव यादीत असते. पायी चालणाऱ्याचे नाव मृत्यूनंतर यादीत आले.

या नोंदीसाठी नवे तत्त्वज्ञान नको. कायदा जुनाच आहे. १९७९ च्या आंतरराज्य स्थलांतरित कामगार कायद्याने मजुराला प्रवासभत्ता देणे ठेकेदारावर बंधनकारक केले होते. त्याची जागा घेणारी २०२० ची संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. अशा दहा किंवा अधिक कामगारांना राबविणाऱ्या मालकाने त्यांना वर्षातून एकदा गावी जाण्यायेण्याचे भाडे द्यावे, अशी तरतूद तिच्यातही आहे. मात्र त्यासाठी किमान सेवेची अट सरकारने ठरवावयाची आहे. ही अट ऊसतोडीच्या हंगामाहून लांब ठेवली, तर फडावरच्या मजुराचा हक्क कागदावरच राहील. नवापूरच्या रेल्वेस्थानकाचा अर्धा भाग महाराष्ट्रात आणि अर्धा गुजरातेत आहे. फलाटावर चार पावले टाकली की मजूर ‘आंतरराज्य’ होतो. इतक्या स्पष्ट सीमेवर नोंद ठेवणे कठीण आहे, असे कोणी म्हणू नये.

प्राधान्याचा प्रश्न

यावर आक्षेप निघेल की, मजुराच्या नावाने विमानाला विरोध करणे म्हणजे मागासलेपणाचे समर्थन होय. आक्षेपात तथ्य आहे, पण अर्धेच. शिर्डीचा विमानतळ २०१७ मध्ये सुरू झाला आणि चालला. कारण भाविकांची रीघ तेथे आधीच होती. नंदुरबारची मिरची वाळवून पोत्यांतून जाते आणि शहाद्याची पपई मालमोटारींतून उत्तरेकडे रवाना होते. विमानाने जाणारा माल आणि विमानाचे भाडे सोसणारा प्रवासी जेव्हा येथे पुरेसा होईल, तेव्हा कंपन्या अनुदानाची वाट पाहत बसणार नाहीत. सार्वजनिक पैसा मर्यादित असतो, आणि तो एका ठिकाणी खर्ची पडला म्हणजे दुसऱ्या ठिकाणी उरत नाही, हा अर्थशास्त्राचा पहिला धडा आहे. ज्या जिल्ह्यात सातपुड्यातील पाड्यावरून आजारी माणसाला बांबूच्या झोळीतून रस्त्यापर्यंत आणावे लागते आणि नर्मदाकाठच्या गावांना दवाखान्यासाठी बोटीवर विसंबावे लागते, तेथे त्या पैशावर पहिला हक्क कोणत्या प्रवासाचा, हे सांगण्यास तज्ज्ञांची समिती नको.

पाड्यांपर्यंत बारमाही रस्ता, अक्कलकुवा आणि धडगावच्या बाजूला वेळेवर सुटणारी एस.टी., हंगामाच्या आरंभी व अखेरीस मजुरांसाठी रेल्वेचे जादा डबे, आणि निघण्यापूर्वी ग्रामपंचायतीत नावाची नोंद, एवढ्या चार गोष्टी एका वर्षात हाती घेता येण्याजोग्या आहेत. त्यांच्यासाठी परदेशातील तेलाचा भाव उतरण्याची वाट पाहावी लागत नाही. विमानतळ व्हावयाचा तेव्हा होवो. पुढील दिवाळीनंतर नवापूरची सीमा ओलांडणाऱ्या प्रत्येक जोडप्याचे नाव कोणाच्या वहीत आहे आणि त्याचे परतीचे भाडे कोण देणार, याचे उत्तर मात्र जिल्हा प्रशासनाने, दोन्ही राज्यांच्या कामगार खात्यांनी आणि साखर कारखान्यांनी त्याआधी दिले पाहिजे.