पाल्याचीही पारख हवी

घोड नदीच्या काठचे शिरूर आणि भीमेच्या काठचे दौंड हे पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुके. जेथे पाटाचे पाणी पोहोचते तेथे उसाचे फड डोलतात. जेथे ते पोहोचत नाही तेथील माळावर बाभूळ, तरवड आणि कडुनिंब उन्हाशी झुंजत उभे असतात. दिवसभर फडात राबून घरी परतलेल्या माणसाचे अंग ठणकत असते. तो दुकानातून दुखण्यावरची गोळी आणतो. एकीने भागले नाही, तर दुसरी घेतो, तिसरी घेतो. कोणी हटकलेच, तर म्हणतो, “सकाळी गुळवेलीचा काढा घेतो ना! गोळीची उष्णता त्याने निघून जाते. झाडपाल्याने कधी कोणाला अपाय झाला आहे काय?”

मुलांनो, हा प्रश्न साधा दिसतो. परंतु त्याच्या उत्तरावर घरातील कर्त्या माणसाचे आरोग्य अवलंबून असते. म्हणून त्याचा शांतपणे विचार करू या.

प्रथम गोळीचे पाहू. ताप आणि वेदना यांवर दिली जाणारी पॅरासिटामॉलची गोळी ठरलेल्या प्रमाणात घेतली असता उपकारकच आहे. आपले यकृत तिचा बहुतेक भाग निरुपद्रवी करून शरीराबाहेर धाडते. थोडा भाग मात्र विषारी द्रव्यात पालटतो. त्याला आवरण्यासाठी यकृताजवळ ग्लुटाथायोन नावाचा रक्षक असतो. गोळ्या अतोनात झाल्या, की या रक्षकाचा साठा संपतो आणि पेशींचा नाश होऊ लागतो. उघड्यावर पडलेल्या नांगराच्या फाळावर हवेतील प्राणवायू आणि ओल मिळून गंज चढवतात, हे तुम्ही पाहिले आहे. त्याच जातीची क्रिया पेशींच्या आत अनावर होते. तिला ऑक्सिडीकरणाने होणारी हानी म्हणतात.

फाळाला तेल लावले, तर गंज अडतो. मग यकृताचे रक्षण करणारे असे एखादे ‘तेल’ वनस्पतींत नसेल काय? ही कल्पना मुळीच वेडगळ नाही. हळद, भुईआवळी यांसारख्या वनस्पतींचे अर्क शास्त्रज्ञांनी प्रयोगशाळेतील उंदरांना देऊन पाहिले. गोळीचे औषध जास्त प्रमाणात दिले, तरी अर्क मिळालेल्या उंदरांच्या यकृताची हानी कमी झाली, असे अनेक प्रयोगांत दिसले. परंतु त्या उंदरांना अर्क तोलूनमापून आणि बहुधा आधीपासून दिलेला होता. शिवाय उंदराला जे लागू पडते, ते माणसाला लागू पडेलच असे नाही. गोळ्यांचा अतिरेक झालेल्या रुग्णाला आज रुग्णालयात ॲसिटिलसिस्टीन हे औषध देतात. एडिंबरो येथील डॉ. लॉरी प्रेस्कॉट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० नंतरच्या दशकात त्याचा गुण रुग्णांवर पारखून दाखवला. शरीराला ग्लुटाथायोन पुन्हा तयार करता यावे म्हणून ते साहाय्य करते आणि पहिल्या आठ तासांत दिले, तर उत्तम काम करते. घरगुती काढ्याला हे स्थान अद्याप मिळालेले नाही.

याचा अर्थ आजीच्या बटव्याची थट्टा करावी, असा नाही. सर्पगंधेची मुळी आपल्या वैद्यांना शतकानुशतके ठाऊक होती. मुंबईच्या डॉ. रुस्तुम जाल वकील यांनी ती रक्तदाबाच्या रुग्णांना देऊन परिणामांची नोंद ठेवली आणि १९४९ साली ती इंग्लंडमधील वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. तेव्हा साऱ्या जगाचे लक्ष या मुळीकडे गेले. पारख केल्याने तिची प्रतिष्ठा कमी झाली नाही, उलट वाढली.

आता गुळवेलीचीच गोष्ट घ्या. करोनाच्या साथीत, २०२० सालच्या अखेरीस, गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांना यकृताचा विकार झाल्याचे मुंबईच्या डॉक्टरांना आढळले. २०२१ साली त्यांनी ते प्रसिद्ध केले. केंद्र सरकारच्या आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. त्या रुग्णांनी घेतलेली वनस्पती गुळवेलच होती, की तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल, याची तपासणी झालेली नाही, असे मंत्रालयाचे म्हणणे होते. दोन्ही बाजू ऐकल्या म्हणजे एक गोष्ट स्पष्ट होते. वेल कोणती, किती घ्यावयाची आणि कोणी घ्यावयाची, हे ठरल्याशिवाय ती निर्धोक आहे असे म्हणता येत नाही.

म्हणून माझे मत असे आहे, की काढा पितो या भरवशावर गोळ्या वाढवणे हा आपल्याच जिवाशी खेळ आहे. अंगदुखी सरत नसेल, तर प्राथमिक आरोग्य केंद्राची वाट धरावी आणि गोळी व काढा, दोन्ही घेत असल्याचे डॉक्टरांना मोकळेपणाने सांगावे. वडील तिसरी गोळी घेऊ लागले, तर तुम्ही आदराने त्यांचा हात धरावा. धान्य घेताना तुमच्या घरी ते पाखडून, निवडून घेतात. त्याला कोणी धान्याचा अपमान म्हणत नाही. मग पोटात जाणारा पालाही तसाच पारखून घ्यावयास नको काय?