गाडी वेगाची, जमीन कुणाची?



देशातली पहिली बुलेट ट्रेन मुंबई-अहमदाबाद मार्गावर उभी राहते आहे. आपल्या कापूस-ज्वारीच्या मुलखाला तिचे काय, असे कोणी विचारील. प्रश्न रास्त आहे. उत्तर असे, की मुंबई-नागपूर बुलेट ट्रेनसाठी २०२१ साली विमानातून मोजणी झाली आहे. ती गाडी येवो न येवो, पालघर-सुरतेकडच्या शेतकऱ्यांचा अनुभव आपण आजच समजून घ्यावा. शेतात खुंट्या ठोकल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

आपण रेल्वेच्या विरोधात नाही. वऱ्हाडचा कापूस रेल्वेनेच बाहेर नेला. पण १८७० साली खामगावला फाटा आला तो लँकेशायरच्या गिरण्यांच्या सोयीसाठी. यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूरची शकुंतलाही कापसासाठीच. तिचे वाफेचे इंजिन १९९४ पर्यंत धावत होते, पुढे गाडीच बंद पडली. वर्धा-यवतमाळ-नांदेड हा २८४ किलोमीटरचा मार्ग २००८-०९ मध्ये मंजूर झाला. त्यातला वर्धा-कळंब हा तुकडा सुरू व्हायला २०२४ साल उजाडले. साध्या गाडीसाठी पैसा नसतो, तेव्हा बुलेट ट्रेनचा हिशेब मागणे हा आपला हक्क आहे.

हिशेब असा. लांबी ५०८ किलोमीटर. २०१७ साली भूमिपूजन झाले तेव्हा धरलेला खर्च सुमारे १ लाख ८ हजार कोटी रुपये. त्यातले ८१ टक्के जपानचे कर्ज, व्याज ०.१ टक्का, मुदत ५० वर्षे, पहिली १५ वर्षे हप्ता नाही. आपल्या पीककर्जाचे व्याज ७ टक्के. वेळेवर फेडले तर सूट, पाऊस दगा देऊन थकले तर सूटही गेली. सरकारचे कर्ज स्वस्त खरे, पण ते येनमध्ये फेडायचे आहे. रुपया घसरला तर बोजा वाढणार. स्वस्त कर्ज म्हणजे फुकटचा पैसा नव्हे, हे आपल्याला कोणी शिकवायला नको. काम पुरे करण्याची २०२३ ची मुदतही उलटून गेली.

जपानने १९६४ साली टोकियो-ओसाका मार्ग सुरू केला. त्याचाही खर्च अंदाजाच्या जवळजवळ दुप्पट झाला, आणि रेल्वेचे अध्यक्ष शिंजी सोगो यांना १९६३ मध्येच पद सोडावे लागले. तरी तो मार्ग चालला. कारण जुनी लाईन माणसांनी आणि मालाने तुंबली होती. प्रवासी नव्या लाईनवर गेले, जुनीवर मालगाड्यांना जागा झाली. नागपूर मार्गालाही हीच कसोटी लावा. बुलेट ट्रेन कापसाची एक गाठ नेणार नाही. मग जुन्या लाईनवर आपल्या गाठींना, सरकीला, ज्वारीला वेळेवर वाघिणी मिळणार का? याचे उत्तर लेखी मिळाले पाहिजे.

आता जमिनीचे. या मार्गाला सुमारे १,४०० हेक्टर जमीन लागली. पालघरच्या आदिवासी गावांनी विरोध केला. गुजरातच्या शेतकऱ्यांची तक्रार होती, की मोबदला २०११ च्या सरकारी दराने धरला. ते न्यायालयात गेले, २०१९ मध्ये हरले. २०१३ च्या कायद्याने बाजारभाव ठरतो तो सरकारी दर किंवा मागील तीन वर्षांच्या खरेदीखतांवरून, यांत जो जास्त असेल तो. इथे चूक आपलीही आहे. मुद्रांक शुल्क वाचवायला आपण खरेदीखतात किंमत कमी लिहितो. तीच किंमत उद्या सरकार आपल्यापुढे ठेवते. आज वाचवलेले शेकडे उद्या लाखांना बुडवतात.

शेतीशास्त्र शिकलेला माणूस म्हणून आणखी एक सांगतो. काळ्या जमिनीत मातीचा भराव आडवा पडला, की वरच्या अंगाला पाणी साचते. कपाशीची मुळे गुदमरतात, झाड पिवळे पडते, पाते-बोंडे गळतात. म्हणजे नुकसान फक्त गेलेल्या पट्ट्याचे नसते, उरलेल्या रानाचेही असते. मुंबई-अहमदाबाद मार्ग बहुतेक खांबांवर आहे. नागपूरसाठी भराव घालून काम स्वस्तात उरकू देऊ नका.

म्हणून जिल्हा बैठकीपुढे चार मागण्या ठेवतो :

१. आखणीचा नकाशा आधी ग्रामसभेत मांडावा, मोजणी नंतर.

२. मार्ग खांबांवर असावा. भराव अटळ असेल तिथे ओढे-नाल्यांना पुरेशा मोऱ्या आणि गाडीबैल जाईल असा रस्ता असावा.

३. दोन तुकडे झालेल्या शेताचे उरलेले तुकडे शेतकरी मागेल तर सरकारने त्याच दराने घ्यावेत.

४. जुन्या लाईनवर शेतमालासाठी वाघिणींची हमी द्यावी.

आणि एक काम आपले स्वतःचे. सातबारा तपासा. विहीर, झाडे, बांध यांची नोंद आजच करून घ्या. नोटीस आल्यावर एकट्याने सही करू नका. गाव बसून ठरवू द्या. गाडी ताशी ३२० किलोमीटरने धावेल तेव्हा धावेल, आपण आज एकत्र चालायला लागू.